टोपीची खूण

रस्त्यावर पोलीस असले की समोरून येणाऱ्या गाडीला सांगायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दोनदा डिपर मारायचा, म्हणजे पुढचे दिवे लुकलुकवायचे, आणि उजवा हात पालथा करून डोक्यावर ठेवायचा, टोपी घातल्यासारखा. समोरच्याला कळतं. तो सीटबेल्ट ओढतो, जास्तीच्या माणसांना खाली वाकायला सांगतो, नाहीतर एखाद्या कच्च्या रस्त्यात गाडी घालून पलीकडून निघून जातो. जाताना तोही एक डिपर मारतो. ओळख ना पाळख, पण तेवढ्यापुरता तो आपला भाऊ असतो. आणि तो पकडला गेलाच, साहेबानं विचारलंच की तुले कोनं सांगतलं बे, तर त्यानं नाव घ्यायचं नाही. गाडीचा रंगसुद्धा सांगायचा नाही. हा दुसरा धडा.

वीस वर्षं मी ही खूण करत आलो. आता माझा हात वर जात नाही. बाकीचे ड्रायव्हर मला शिव्या घालतात, नंतर कुठे गाठ पडली की काच खाली करून घालतात. घालू देतो.

मी अमरावतीचा. वडील शाळामास्तर, आळीत सगळे वकील, भटजी आणि प्रोफेसर, आणि त्यात मी व्हॅन चालवणारा. वडिलांना माझ्या व्हॅनचा राग नव्हता, माझ्या बोलण्याचा होता. रस्त्यावर ‘मले’ आणि ‘तुले’ केल्याशिवाय कोणी आपलं म्हणत नाही, आणि घरी जेवताना तोंडून ‘मले’ निघालं की वडील भाजीची वाटी बाजूला सरकवत. मी दोन जिभा घेऊन जगलो. चहाच्या टपरीवर एक, पाटावर दुसरी.

पोलिसांशी माझं वाकडं नव्हतं, पण प्रेमही नव्हतं. संत्र्याच्या हंगामात शेंदूरजनाघाटहून माल भरून मध्य प्रदेशच्या हद्दीवर गेलो की कागद दाखवता दाखवता दुपार होई. एकदा एका साहेबानं शेवटचा क्रेट दिसेपर्यंत सगळी गाडी रिकामी करायला लावली. संत्र्यांखाली संत्रीच निघाली. त्याला फार वाईट वाटलं. मला हसू आलं आणि त्या हसण्यापायी आणखी तासभर उभं राहावं लागलं. इतक्या वर्षांत अंगात एक भिनून गेलं होतं: पोलीस दिसले की आपलं काहीतरी चुकलेलं असणार, आणि ते त्यांना सापडायच्या आत निघून जायचं. खिशात सगळे कागद असतानाही.

लॉकडाऊनच्या पहिल्या पावसाळ्यात जिल्ह्यांच्या हद्दी बंद होत्या. अमरावतीहून अकोल्याकडे जायचं तर पास लागे. माझ्याकडे होता, कारण मी किराणा आणि औषधांचा माल नेत होतो. पुढच्या काचेवर ‘अत्यावश्यक सेवा’ असा कागद होता आणि त्याच्या वर काचेलाच आडवी हिरवी पट्टी. ती पट्टी मी हौसेनं लावली होती. तिच्यामुळे माझी गाडी लांबून ओळखू येई.

बडनेरा सोडून पुढे गेलं की दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर मंडप ठोकून नाका उभा केला होता. रस्त्यावर आडवा बांबू, दोन पिंपं, आणि जाड मिशांचा एक हवालदार. एप्रिलमध्ये हाच माणूस दुचाकीवाल्यांच्या पोटऱ्यांवर काठी चालवत असे. ऑगस्टपर्यंत तो थकला होता. काठी मंडपाच्या कोपऱ्यात उभी असे आणि तो खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला घरचं विचारत असे. त्या आठवड्यात नाक्यावर आरोग्य खात्याची अॅम्ब्युलन्सही उभी होती. एक तरुण डॉक्टरीणबाई येणाऱ्यांच्या कपाळाला यंत्र लावून ताप बघायच्या.

त्या दिवशी माझे कागद बघणं चालू असताना अकोल्याच्या बाजूने एक ऑटो आला. आत छाती धरून बसलेला एक म्हातारा. पास कोणी विचारलाच नाही. डॉक्टरीणबाई हातातला चहा पिंपावर ठेवून धावल्या, हवालदारानं स्वतः उठून बांबू वर केला. बाईंनी म्हाताऱ्याला तपासलं, एक गोळी जिभेखाली दिली आणि ऑटो पुढे गेला. सगळं मिळून पाच मिनिटं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

नाका सोडून दोनेक किलोमीटर गेलो असेन. रिमझिम होती, रस्ता रिकामा. समोरून एक पांढरी व्हॅन आली, माणसं नेतात तसली. चालवणारा तरणा, शेजारी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस. मागच्या सीटवर कोण आहे ते दिसलं नाही. बिनपासाची असणार हे मी एका नजरेत ओळखलं. मी दोनदा डिपर मारला आणि हात डोक्यावर ठेवला.

विचार असा काही केलाच नाही. हात आपोआप गेला, जेवताना तोंडाकडे जातो तसा. त्या हातात एवढंच सांगायची सोय होती की पुढे पोलीस आहेत. पोलीस आज बरे आहेत, तिथे डॉक्टर आहे, अॅम्ब्युलन्स आहे, असं सांगणारी खूण आमच्याकडे कोणी कधी काढलीच नाही.

आरशात बघितलं. व्हॅनचे ब्रेकचे दिवे लागले. ती थोडी मागे आली आणि उजवीकडच्या पांदणीत वळली. पांदण म्हणजे शेतांमधली बैलगाडीची वाट. ही पांदण फिरून नाक्याच्या पलीकडे निघते हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होतं. वळताना त्यानं एक डिपर मारला. मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण खोटं काय सांगू, मला बरं वाटलं. कुरुमला पोचेपर्यंत मी शीळ घालत होतो.

कुरुमच्या दुकानात माल उतरवून सव्वा तासानं परत फिरलो. त्या पांदणीच्या तोंडाशी दोन माणसं रस्त्यावर चढत होती. गुडघ्याच्या वर काळी माती, आणि दोघांच्या हातांवर एक बाई. मला बघून तरण्यानं रस्त्याच्या मधोमध येऊन गाडी अडवली. मी उतरलो. त्याची नजर माझ्या काचेवरच्या हिरव्या पट्टीवर गेली, तिथे थांबली, मग माझ्या तोंडावर आली. त्यानं मला ओळखलं. तो एवढंच म्हणाला, “दादा, मांगचं दार उघडा लवकर.”

दुपट्टेवाला त्या बाईचा नवरा होता. “पान लागलं तिले,” तो म्हणाला. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. “सकाळी सोयाबीन निंदतानी. गाडी फसली ना भाऊ गाऱ्यात. ढकलून ढकलून पाह्यली. फोनले रेंज नाही, मानूस नाही. मंग उचलूनच आनली.”

रिकाम्या पोत्यांवर तिला निजवलं. चाळिशीच्या आतली असेल. हातात हिरव्या बांगड्या, पायाला घोट्याच्या वर बांधलेली फडक्याची पट्टी. पापण्या मिटत होत्या, ती जोर करून उघडत होती. मी गाडी किती वेगानं हाकली मला आठवत नाही. एवढं आठवतं की मागून ती काहीतरी म्हणत होती. जीभ जड झाली होती. तेच तेच, तीनचार शब्दांचं काहीतरी. नवरा म्हणत होता, “हो, हो, माय.” ते शब्द काय होते ते मला कळलं नाही, आणि आजही गाडीत एकटा असलो, मागे पोती असली, की ते ऐकू येतं. मी रेडिओ लावतो. रेडिओखालून ऐकू येतं.

नाक्यावर हवालदारानं लांबूनच बांबू वर केला. डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे बघितले, पाय बघितला आणि लगेच तिला अॅम्ब्युलन्समध्ये घ्यायला लावलं. दार लावण्याआधी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “केव्हा चावला? एवढा वेळ कुठे होतात तुम्ही?” उत्तराला थांबल्या नाहीत. नवरा आत चढला, भोंगा वाजवत गाडी गेली. मागे आम्ही तिघं राहिलो: हवालदार, तो तरणा ड्रायव्हर आणि मी.

“कोन्या रस्त्यानं आला बे?” हवालदारानं विचारलं.

“पांदनीनं.”

“काहून? चांगली सडक सोडून पांदनीत काहून घुसला? आमी खातो काय तुमाले?” त्याचा आवाज चढला, मग फाटला. “अबे, इथं डॉक्टर उभी होती! अॅम्बुलन्स उभी होती! दोन मिनिटाचा रस्ता होता तुह्या गाडीले!”

“चुकलो साहेब.”

“तुले कोनं सांगतलं इथं नाका हाये म्हनून?”

मी तिथेच उभा होतो, चार हातांवर. तोंड उघडायला काय लागतं? माझ्याकडे पास होता, लायसन होतं, मला कोणी फाशी देणार नव्हतं. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो पायांवरच्या वाळत चाललेल्या मातीकडे बघत म्हणाला, “कोनी नाही सांगतलं साहेब. मलेच वाटलं.”

हवालदार माझ्याकडे वळला. “तुमी जा भाऊ,” तो म्हणाला. “तुमी तुमचं काम सोडून मदत केली, लय चांगलं केलं.”

मी गेलो.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर कळलं की ती बडनेऱ्याच्या पुढे पोचली नाही. हवालदारानं स्वतःच सांगितलं, आणि कागद न बघताच मला सोडलं. पुढे कुरुमचा दुकानदार एकेक सांगत गेला. त्या बाईच्या गावानं त्या ड्रायव्हरच्या व्हॅनच्या काचा फोडल्या. यानं पोलिसाच्या भीतीनं बाई मारली, असं पोरंसोरंही म्हणू लागली. त्याच्या गाडीत कोणी बसेना. दिवाळीच्या आधी त्यानं गाडी विकली आणि तो गाव सोडून गेला. दुकानदार हे सांगायचा तेव्हा मी पोती मोजत असायचो. मोजलेलीच पुन्हा मोजायचो.

बायकोला सांगितलं नाही. सांगितलं ते वडिलांना, थंडीत, ते अंगणात ऊन खात बसले होते तेव्हा. सांगताना मी कुठल्या जिभेनं बोललो ते मला समजलं नाही, पण त्यांनी एकदाही टोकलं नाही, त्यावरूनच कळलं की त्यांना सगळं कळलंय. दुसऱ्या दिवशी दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, “त्या मुलाला भेटून ये.”

तो अकोल्याला एका दालमिलमध्ये लागल्याचं कुरुमच्या दुकानदाराकडून कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर आला तेव्हा भुवयांपर्यंत तुरीच्या कोंड्यानं माखलेला. मला बघून त्याला आनंद झाला नाही, रागही आला नाही.

“तुमी काहून आले दादा?”

“तू माह्यं नाव सांगून टाकाले पायजे होतं,” मी म्हणालो.

“इशारा देनाऱ्याचं नाव सांगत असते का कोनी?”

“पन तुह्यं गाव सुटलं, गाडी गेली. मी त्याइच्या घरी जाऊन सांगतो. चूक माही होती म्हनतो.”

तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. “नोका जाऊ,” तो म्हणाला. “दादा, पाया पडतो, त्या घरी नोका जाऊ. जे झालं ते माह्यावरच राहू द्या.”

मला वाटलं, मला मार पडेल म्हणून तो अडवतोय. एवढा भला माणूस, असं म्हणून मी डोळे पुसले आणि त्याचं ऐकलं. खरं तर मला ऐकायचंच होतं. जाऊ नकोस असं कोणीतरी म्हणावं याचीच मी वाट बघत होतो.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. नाका कधीच उठला. मंडपाच्या खुंटांची भोकं रस्त्याच्या कडेला बरेच दिवस होती, मग रुंदीकरणात तीही गेली. पांदण आहे. तिथून जाताना मी त्या बाजूला बघत नाही, आणि न बघताही मला कळतं की ती आली. समोरून कोणी डिपर मारला की मी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून बसतो, परीक्षेला आलेल्या पोरासारखा. पुढे पोलीस असतात, मला थांबवतात, मी कागद देतो. नंतर समोरून येणाऱ्या कोणालाही काही सांगत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर वडील गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी एकदाच विचारलं होतं, “भेटलास ना त्याला?” मी हो म्हटलं. “आणि त्या घरी?” मी औषधाची बाटली हलवत बसलो. तेराव्यानंतर आठ दिवसांनी मी त्या बाईच्या गावाला गेलो.

घर शोधावं लागलं नाही. ओसरीवर तिचा नवरा सरपणासाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचत होता. दुपट्टा नव्हता म्हणून चेहरा नवा वाटला, पण हात तेच. मोठा मुलगा कॉलेजातून आला होता, त्यानं पाणी आणून दिलं. धाकटा आत अभ्यास करत होता. नवऱ्यानं मला ओळखलं, “तुमीच त्या दिवशी नेलं होतं ना भाऊ,” म्हणून बाजेवर बसवलं, मुलाला चहा ठेवायला आत पाठवलं. मी ठरवलं होतं, चहा यायच्या आत बोलून टाकायचं. नाहीतर चहा घशाखाली उतरला नसता.

“नेलं ते नंतर,” मी म्हणालो. “त्याच्या आंधी एक गोष्ट हाये. पांदनीत वळा म्हनून ज्यानं इशारा केला, तो मीच होतो. त्या पोराची काही चूक नाही. लोकाइनं मले बोलाले पायजे.”

तो पऱ्हाटीची एक काडी मोडत राहिला. खूप बारीक तुकडे केले त्यानं.

“मले मालूम हाये,” तो म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“म्या पुढं बसलो होतो ना. तुमचा हात पाह्यला म्या. हिरवी पट्टी पाह्यली.” त्यानं आत, मुलांच्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “तो वळून नव्हता राहिला भाऊ. तो म्हने, काका, पोलीस असन तर असू द्या, पेशंट हाये, सोडतीन. म्याच म्हनलो, नाही, वळव. तवा लोकं सांगत होते ना, नाक्यावर बिमार मानूस उतरवून घेतेत, चौदा दिवस कोंडून ठेवतेत, मेलं तर तोंड बी दाखवत नाहीत. म्या म्हनलो, तिले त्याइच्या हाती नाही देत. म्याच त्याच्या हातावर हात ठेवून स्टेरिंग फिरवलं.”

आतून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता.

“तुमच्या गाडीत ती तेच तेच म्हनत होती,” तो म्हणाला. “सडकेनं चाला ना. सडकेनं चाला ना. शेवटलोक.”

इतकी वर्षं रेडिओखालून जे ऐकू येत होतं, त्याचे शब्द मला मिळाले होते.

“त्या पोरानं हे कोनाले सांगतलं नाही,” तो म्हणाला. “काचा फुटल्या तरी नाही सांगतलं. म्या तिथंच उभा होतो काचा फुटतानी.” मग त्यानं माझा हात धरला. त्याच्या तळव्याला घट्टे होते. “भाऊ, तुमी बी नोका सांगू. पोराइले काय सांगू मी? तुमच्या मायले म्या पांदनीत नेली?”

मुलगा चहा घेऊन आला. म्हणाला, “काका, साखर बराबर झाली ना?” मी म्हटलं, झाली. त्याच्याकडे बघून मी चहा प्यालो, आणि निघताना त्याच्या बापाला मान हलवून हो म्हणालो.

दालमिलवाल्याकडे मी पुन्हा गेलो. त्याला म्हटलं, मले समजलं तू काहून अडवत होता. त्यानं अंगावरचा कोंडा झटकला. मग म्हणाला, “त्याइची लेकरं हायेत दादा. माह्यं काय, मी एकटा.” “कोनाले नाही सांगत,” मी म्हणालो. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि तो आत गेला.

आता त्या गावात मी, नवरा आणि तो पोरगा या तिघांपैकी एकाच माणसाला दोषी धरतात, आणि त्या तिघांत दोषी नसलेला तेवढाच होता. दोन वचनं मला बांधून आहेत. त्या पोराला दिलेलं आणि त्या बाईच्या नवऱ्याला दिलेलं. म्हणून इथे मी कोणाचं नाव लिहिलं नाही, त्यांच्या गावाचंही नाही, माझंही नाही. कोणी ओळखू नये म्हणून काचेवरची हिरवी पट्टीसुद्धा मी परवा खरवडून काढली. पण त्या पोरानं गाडी वळवली नव्हती. तो सडकेनंच चालला होता.